ग्वाल्हेरचा नकाशा वाचताना : नागरी भूगोलाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

भूगोलात एम. ए. करताना लघुप्रबंधासाठी मी ग्वाल्हेर हेच शहर निवडले. आपलेच गाव आहे, काम सोपे जाईल, अशी माझी समजूत होती. पहिल्या मसुद्यात मी लिहिले की सपाट प्रदेशात वालुकाश्माचा एक सुटा डोंगर उभा आहे, त्यावर किल्ला झाला आणि किल्ल्याच्या आश्रयाने शहर वाढले. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले : "मग मुरार किल्ल्यापासून इतके दूर का?" मुरार म्हणजे शहराचा पूर्वेकडचा भाग. त्या एका ओळीमुळे माझी वीसेक पाने रद्द झाली. भूरचना शहराला जागा देते. मात्र ती जागा कोणाला, कोणत्या काळात आणि कशासाठी सोयीची ठरली, हे विचारल्याखेरीज उत्तराला अर्थ येत नाही, हे मी तेव्हा शिकलो. नागरी भूगोलाकडे वळणाऱ्यांनी ते पहिल्याच महिन्यात शिकावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सुरुवात टोपोशीटपासून, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशापासून करावी. 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर, त्यामुळे अख्खे ग्वाल्हेर एका टेबलावर मावते. किल्ल्याचा डोंगर भोवतालच्या जमिनीपासून सुमारे 100 मीटर उंच आहे आणि त्याचे कडे इतके उभे आहेत की समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटून तपकिरी पट्टाच दिसतो. तो पट्टा पाहून सगळ्यांचे लक्ष डोंगरावर खिळते, माझेही खिळले होते. तुम्ही मात्र ज्या भागात रेषा विरळ होतात तिकडे पाहा, कारण माणसे तिथे राहिली.

ग्वाल्हेर हे एक शहर नसून तीन वस्त्यांची जुळणी आहे. जुने ग्वाल्हेर डोंगराच्या ईशान्य पायथ्याशी आहे, कारण गडावरून उतरणारी मुख्य वाट तिथे येते. गडाची चाकरी आणि गडाचा बाजार ज्यांच्या हाती होता त्यांना तीच जागा सोयीची होती. सन 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली ती मात्र किल्ल्याच्या दक्षिणेला. हजारो माणसे, घोडे, तंबू आणि तोफा यांना पायथ्याची चिंचोळी गल्ली कशी पुरणार? त्यांना मोकळे मैदान हवे होते आणि स्वर्णरेखा नदीचे पाणी जवळ हवे होते. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या टेकड्यांच्या मध्ये पसरलेली ही छावणी कधी उठलीच नाही आणि तिचे नाव लष्कर असेच राहिले. फालका बाजार, चिटणीस की गोठ, शिंदे की छावनी ही नावे आपण ग्वाल्हेरची मराठी माणसे रोज घेतो, पण त्यांत वस्तीचा भूगोल जपलेला आहे हे मला प्रबंधापर्यंत उमगले नव्हते. मुरार ही इंग्रजांची छावणी पूर्वेला, मुरार नदीकाठच्या सपाटीवर बसली आणि 1886 मध्ये ती किल्ल्यासह शिंद्यांकडे परत आली. डोंगर एकच, पण तिन्ही वस्त्यांनी त्याच्याकडे वेगवेगळ्या कारणांनी पाहिले.

खरा विषय पाण्याचा आहे आणि त्यावर विद्यार्थी फार घाईने लिहितात. शहराच्या उगमाची आख्यायिकासुद्धा पाण्याचीच आहे : ग्वालिपा साधूने दिलेल्या पाण्याने सूरजसेन राजाचा कुष्ठरोग बरा झाला, अशी ती कथा असून सूरजकुंड आजही गडावर आहे. तलाव नसते तर एवढ्या उंचीवरचा गड वेढ्यात तग धरू शकला नसता. पुढे शहर वाढले तेव्हा पाण्यासाठी सांक नदीवर तिघरा धरण बांधले गेले. ते 1917 मध्येच फुटले आणि नंतर पुन्हा उभारावे लागले. तिथेही पायाला वालुकाश्माचे थर होते आणि त्यांत पाणी शिरले. ज्या दगडाने गडाला उभे कडे दिले, त्याच जातीच्या दगडाने धरणाला दगा दिला. म्हणून "खडक : वालुकाश्म" एवढी नोंद करून कधीही थांबू नका.

रेल्वे आणि उत्तरेकडच्या चंबळच्या घळी यांवर पुस्तकांत पुरेसे मिळते. पुस्तकांत जे मिळत नाही ते क्षेत्रभेटीत मिळते. माझ्या प्रश्नावलीत "आपल्या मते येथे वस्ती का झाली?" असा प्रश्न होता, त्याला कोणीही उपयोगी उत्तर दिले नाही. लष्करातल्या एका वाड्यात मी तो बाजूला ठेवून "काकू, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून भरत होता?" असे विचारले. काकूंनी मला मागच्या अंगणातील विहिरीपाशी नेले, काठावरच्या दगडात दोराने पडलेल्या खाचांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आमची जेठातही आटत नसे, पण टेकडीकडचे लोक घागरी घेऊन आमच्याकडे यायचे." त्या आठवड्यात मी आणखी अकरा वाड्यांत तोच प्रश्न विचारला, विहिरी नकाशावर निळ्या टिंबांनी मांडल्या, आणि ती टिंबे स्वर्णरेखेच्या बाजूला दाट, तर टेकडीच्या बाजूला विरळ होत गेलेली दिसली. प्रबंधाचे तिसरे प्रकरण मी त्याच रात्री नव्याने लिहायला घेतले.