स्वस्तात मासेमारी आणि शिकारीचं सामान: खर्च माशाच्या टोकाकडून सुरू करा

"मासेमारी सुरू करायचीय, बजेट कमी आहे, रॉड कुठला घेऊ?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता सरळ उलटा प्रश्न टाकतो, गळ कुठला घेणार ते आधी सांग. कारण माशाच्या तोंडात रॉड जात नाही, गळ जातो. नवीन माणूस दुकानात गेला की आधी चकचकीत रॉड उचलतो, मग उरलेल्या पैशात रील, आणि शेवटी चिल्लर उरते त्यात दोरा आणि गळ, ते पण पाकिटात आधीच गंज चढलेले. हे सगळं उलटं करा. गळापासून सुरुवात, मग गाठ, मग तंगूस, मग रील, आणि रॉड सगळ्यात शेवटी.

गळाच्या नंबरांनी आधी सगळ्यांचीच फसगत होते. साधा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, म्हणजे ८ नंबर हा ४ पेक्षा छोटा. पण १ च्या पुढे गेलात की १/०, २/० असं सुरू होतं आणि तिथे मात्र नंबर वाढला की गळ मोठा. सुरुवातीला ८, ४ आणि १/० असे तीन साइज घ्या, बास. धार बघायची असेल तर टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढा, अडकून ओरखडा उठला तर ठीक, घसरलं तर बोथट. बोथट गळ फेकायची गरज नाही, छोट्या कानशीने दोन-तीनदा टोकाच्या दिशेने घासला की परत चालतो. दगडावर आपटला की दरवेळी ही नखाची टेस्ट करायचीच. आणि मासा परत सोडणार असाल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, मासा पटकन सुटतो, आणि कधी स्वतःच्या बोटात घुसला तर काढताना आईची आठवण कमी येते.

तंगूस, म्हणजे दोरा, साधं नायलॉन मोनोच (एकेरी तंतूचं) घ्या, ८ ते १० पाउंड ताण सोसणारं. ब्रेड, म्हणजे बारीक तंतू वेणीसारखे विणलेली दोरी, बारीक असते, ताणत नाही, मजबूत असते, सगळं मान्य, पण महाग पडते, नवख्याच्या हातात गुंता फार करते आणि जोरात ओढली तर बोटं कापते. मोनो थोडं ताणतं त्यामुळे आपल्या चुका पोटात घेतं. मोनोचा शत्रू म्हणजे ऊन, म्हणून खिडकीत ठेवू नका आणि सीझनला एकदा बदला. दरवेळी निघायच्या आधी शेवटचा मीटरभर भाग दोन बोटांत धरून सरकवा, कुठे खरबरीत लागलं तर तेवढं कापून टाका, उगाच जीव लावू नका.

रीलवर दोरा भरताना दोऱ्याचा नवा स्पूल जमिनीवर आडवा ठेवा, लेबल वर, आणि ओल्या फडक्यात दोरा धरून ताण देत गुंडाळा. वीसेक फेऱ्या झाल्या की थांबून दोरा सैल सोडा, पीळ पडून वेटोळी झाली तर स्पूल उलटा करा. रीलच्या कडेपासून २-३ मिलिमीटर जागा सोडायची. मी पहिल्यांदा काठोकाठ भरला होता, जास्त भरला तर जास्त लांब जाईल या हिशोबाने, आणि पहिल्याच फेकीला पक्ष्याचं घरटं झालं. तासभर सोडवत बसलो, शेवटी कात्री.

आता गाठ, आणि इथे घाई करू नका कारण ही गोष्ट फुकट आहे आणि सगळ्यात जास्त मासे इथेच सुटतात. दोरा गळाच्या डोळ्यातून ओवा, चारेक बोटं टोक बाहेर काढा, ते टोक मुख्य दोऱ्याभोवती पाच वेळा फिरवा, मग डोळ्याच्या अगदी लगत जो छोटा फास उरलाय त्यातून टोक घाला आणि त्यामुळे जो नवीन मोठा फास बनला त्यातून परत घाला. आता ओढायच्या आधी थुंकीने ओलं करा. गंमत नाही, कोरडं ओढलं की घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथेच कमजोर होतं. हळूहळू ओढा, वेढे एकावर एक न चढता नीट शेजारी बसले पाहिजेत, चढले तर कापून परत बांधा. टोक २-३ मिलिमीटर ठेवून कापा. माझा एक चांगला मासा पाण्याच्या वर येऊन, माझ्याकडे बघून गेलाय, कारण त्या दिवशी थंडीत गाठ कोरडीच ओढली होती. दोऱ्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं आलं हातात, म्हणजे तुटला नव्हता, गाठ सुटली होती.

रील २५०० किंवा ३००० साइजचं स्पिनिंग. बॉक्सवर किती बेअरिंग लिहिलीत त्याला भुलू नका, स्वस्त दहा बेअरिंगपेक्षा बरी चार परवडली. हॅन्डल हलवून बघा, लडबडतंय का, आणि ड्रॅग (किती ताण आला की रीलवरून दोरा सुटायचा ते ठरवणारा ब्रेक) अर्धा घट्ट करून दोरा हाताने ओढा, तो एकसारखा सुटला पाहिजे, झटके देत सुटला तर ते रील ठेवून द्या. ड्रॅग किती लावायचा तर दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. १० पाउंड म्हणजे साधारण साडेचार किलो, तर साध्या ताणकाट्याला दोरा बांधून ओढा, सव्वा ते दीड किलोच्या आसपास दोरा सुटायला लागला की झालं.

रॉड फायबरग्लासचा, साडेसहा-सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम. ग्रॅफाइट हलका आणि जास्त संवेदनशील असतो पण दारात चेपला की संपला. सेकंडहॅन्ड खुशाल घ्या, फक्त प्रत्येक कडीतून कापूस फिरवून बघा, तंतू अडकले तर आत चीर आहे आणि ती चीर तुमचा दोरा कापत बसणार.

वजनासाठी शिसं नको. हंसांना शिशाची विषबाधा होते म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये बहुतेक साइजच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. जुने लोखंडी नट बांधा, फुकट पडतात आणि अडकून तुटले तरी वाईट वाटत नाही. फ्लोट बाटलीच्या बुचाचा.

शिकारीबद्दल थोडक्यातच सांगतो. आधी तुम्ही जिथे आहात तिथला कायदा, परवाना, सीझन बघा, अनेक ठिकाणी शिकार सरसकट बंद आहे, तिथे विषयच संपला. हत्यारावर मी सल्ला देणार नाही. पण जिथे परवानगी आहे तिथेही पैसे आधी बुटात आणि दुर्बिणीत घाला. ८×४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली साधी दुर्बीण घ्या, ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, खिशातल्या १०×२५ मध्ये तो अडीचच येतो, म्हणून संध्याकाळी ती आंधळी होते. खरा उपयोग तर संध्याकाळीच असतो.

सुरी महाग लागत नाही, धारदार लागते. ओपिनेल ही घडीची फ्रेंच सुरी, ८ नंबर, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, किंवा स्वीडनमधल्या मोरा गावची साधी सुरी, दोन्ही स्वस्त आणि कामाच्या. ओपिनेलची लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं उघडत नाही, तेवढं लक्षात ठेवा. उरलेल्या पैशात हजार ग्रिटचा दगड घ्या आणि साधारण २० अंशात पाजळायला शिका. उभा धरलेला कागद न फाटता चिरला की धार लागली.

मासा मारला की कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फाच्या पाण्यात ठेवा, दोन भाग बर्फ एक भाग पाणी, नुसत्या बर्फापेक्षा हे लवकर गार करतं कारण पाणी सगळीकडून चिकटतं. खवले चमच्याने शेपटीकडून डोक्याकडे काढा, खवल्यांसाठी वेगळं यंत्र विकतात ते घेऊ नका. पोट कापताना सुरीचं फक्त टोक आत, धार बाहेरच्या बाजूला, नाहीतर पित्ताची पिशवी फुटते आणि कडवटपणा धुऊन जात नाही. शेवटी कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ त्याच चमच्याने खरवडा. वास बराचसा तिथेच असतो.

शिजवायला बिडाची कढई, जुनी गंजलेली मिळाली तर अजून स्वस्त. घासून, पूर्ण सुकवून, तेलाचा हात फिरवून परत पुसून घ्या, इतकं की तेल लावलंच नाही असं वाटेल, मग कडक तापवा, तीन-चारदा. तेल जास्त राहिलं की चिकट थर बसतो, ही चूक सगळे करतात. रानातल्या मांसात चरबी फार कमी, त्यामुळे पाठीचा मऊ भाग मोठ्या आचेवर झटपट, पाय आणि खांदा मात्र प्रेशर कुकरला किंवा तासन्‌तास मंद आचेवर. गोळीच्या जखमेच्या आजूबाजूचं मांस सढळ हाताने कापून टाका, गोळीतल्या शिशाचे कण दिसत नाहीत इतके बारीक पसरतात.

आणि सुईवाला थर्मामीटर घ्याच, ही एक गोष्ट मी कोणालाच टाळू देत नाही. मासा ६३ अंश, पक्षी ७४, रानडुक्कर किमान ७१ सेल्सियस. डुकरात ट्रिकिनेला नावाचा जंत असू शकतो आणि रानटी जनावरातल्या त्याच्या काही जाती फ्रीझरमध्ये पण मरत नाहीत, म्हणून "महिनाभर गोठवलं होतं" हे चालत नाही. थर्मामीटर बरोबर आहे का ते बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, शून्य दाखवला पाहिजे.

घरी आलात की रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा, ड्रॅग घट्ट करून, म्हणजे पाणी आत जात नाही. सुकल्यावर ड्रॅग सैल सोडायचा. वापरलेले गळ वेगळ्या डबीत टाका, झाकण उघडं ठेवून रात्रभर सुकू द्या, एक ओला गळ नव्या पाकिटात गेला की सगळं पाकीट गंजतं.