चार वर्षाच्या पोराला लिहायला कसं बसवायचं, आमच्या घरी काय चाललं ते

चार वर्षाचं पोर आणि पानभर अ अ अ गिरवायचा होमवर्क, बघून जीव कळवळतो माझा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बऱ्याच आया विचारतात की आमचा लिहायलाच बसत नाही काय करू, म्हणून सगळं एकदाच लिहितेय.

आधी हात बघा. या वयात मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चाच, म्हणजे मऊ, असतात, बोटांत जोर नसतो, त्यामुळे दोन ओळींनी "हात दुखला" म्हणतात ते नाटक नसतं हो. म्हणून पेन्सिलच्या आधी बोटांना काम. मंडईतून मटार आणले की सोलायला बसवा, पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या त्याचे साप वळू देत, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावू देत. आणि रांगोळी! चिमटीतून रांगोळी सोडायला बोटं जशी जुळतात साधारण तशीच ती पेन्सिलवर जुळायला हवीत.

अप्पा बळवंत चौकातून (पुण्यातला वह्या-पुस्तकांचा बाजार) एक पाटी आणि खडूचा बॉक्स आणा. खडू मुद्दाम तोडून द्या, तुकडा एवढुसा असला की मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. पाटी भिंतीला उभी टेकवून लिहू द्या, खांदा आणि मनगट दोन्ही तयार होतात. डावखुरा असेल तर प्लीज हात बदलायला लावू नका, फक्त कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा.

आता अक्षरं. अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनेच जायला पाहिजे असं काही नाही. जुन्या लोकांचं ग म भ न उगाच नव्हतं, वळण सारखं असतं ना, एक आलं की पुढचं सोपं जातं. तसंच व ब क, मग ट ठ ढ, आणि र आला की स, ख. आधी अक्षर मग वरची रेघ. इंग्लिश अक्षरं खालच्या रेघेवर बसतात, आपली वरच्या रेघेला लटकतात, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी, हे मुलाला असंच सांगा, लगेच कळतं. ल पाकळीचा (उजवीकडे उभा दंड नसलेला) आणि श देठाचा शिकवा, शासनाने २००९ मध्ये वर्णमाला ठरवून दिली त्यात तसंच आहे, मोबाईलवर मात्र कितीदा दंडवाला ल दिसतो आणि पोरं गोंधळतात. पहिली वेलांटी पण अशीच, आवाज नंतर येतो पण काढायची आधी, त्यामुळे मुलं ती भलतीकडे काढतात, रागावू नका.

पण सगळ्यात महत्त्वाचं, लिहायला काहीतरी कारण द्या. आम्ही भाजीची यादी आमच्या मुलाला लिहायला देतो. पहिले काही महिने नुसते गिरगोटे होते आणि तो ते बोट ठेवून "कांदे, बटाटे" असं वाचून दाखवायचा, तेही लिहिणंच आहे, डावीकडून उजवीकडे बोट जात होतं ना! आता "मटर" लिहितो, काना राहतो. मी खोडत नाही, शेजारी माझ्या यादीत मटार लिहिते आणि तो कधीतरी स्वतःच बघून काना घालतो. ऱ्हस्व दीर्घाचं तर आत्ता नावच काढू नका. बसस्टॉपवर उभे असलो की बसच्या पाटीवरचे मराठी आकडे वाचतो, घरी येऊन तेच पाटीवर.

रोज दहा मिनिटं पुरे, तेही त्याला हवं असेल तरच. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, घाई कसली आहे. हां, पण सहा-सात वर्षाचं झाल्यावरही पेन्सिल खूप दाबून धरत असेल, थोड्याशा लिहिण्याने हात दुखत असेल, बटणं लावणंही जमत नसेल तर लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, ते गरज असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (हाताची रोजची कामं जमायला मदत करणारे) पाठवतात.