फऱ्यात दुखतंय आणि हातात जोर नाही : या चुका टाळा

पाठीचा कणा आणि खांद्याचा फरा (खांद्यामागचं पसरट, तिकोनी हाड) यांच्या मधल्या पट्टीत दुखायला लागलं की हात आपोआप तिथेच जातो. दाबून घेतलं, मलम चोळलं, शेकलं, की तासभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. उसण भरली असेल तर ती चार-सहा दिवसांत जाते. महिनोन् महिने तीच जागा ठणकत असेल, तर तो स्नायू बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी काम करून दमलेला असतो. खरा कमजोर स्नायू दुखतच नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

फरा हाडाने जोडलेला असतो तो फक्त कॉलरबोनच्या टोकाशी आणि दंडाच्या हाडाशी. बरगड्यांवर त्याला जागेवर धरतात ते स्नायू. हात कानाला लागेपर्यंत वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून. हे फिरवण्याचं मोठं काम दोन स्नायूंचं : बगलेखालून बरगड्यांवर पसरलेला सेराटस अँटेरियर आणि पाठीच्या मधोमध असलेला ट्रॅपिझियसचा खालचा भाग. हे दोघे ढिले पडले की मानेपासून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचे स्नायू फरा उचलून धरतात आणि दिवसअखेर तिथेच गाठी लागतात.

दुखेल ते ताणायचं

स्वतःला मिठी मारल्यासारखे हात गुंडाळून पाठ ताणणं हा अनेकांचा आवडता व्यायाम. खांदे पुढे झुकलेल्या माणसात फऱ्यामागचे स्नायू आधीच लांबलेले असतात, त्यांना आणखी ताणून काय मिळणार? आखडलेली असते ती छातीची पुढची बाजू. दाराच्या चौकटीला कोपरापासून हात टेकवून ३० सेकंद छाती ताणा. चेंडू पाठीमागे धरून भिंतीवर घासायचा असेल तर एक-दोन मिनिटं पुरे, आणि लगेच ताकदीचा व्यायाम. नुसता चेंडू म्हणजे नुसतं मलम.

याची दुसरी बाजू म्हणजे दिवसभर ‘खांदे मागे, छाती पुढे’. फरे सतत आवळून धरले की मधले स्नायू आणखी थकतात आणि हात वर नेताना फऱ्याला फिरायला वाव राहत नाही. त्यापेक्षा कोपरं टेबलावर टेकवा, माउस जवळ घ्या आणि अर्ध्या तासाने बसण्याची ढब बदला.

‘दुखतंय म्हणून जोर लागत नाही’ असं गृहीत धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दुखण्यामुळे स्नायूने जोर आवरता घेणं वेगळं आणि नस (म्हणजे मज्जातंतू) कामातून जाणं वेगळं. दुखणं कमी असेल तेव्हा पुन्हा जोर लावून पाहा. ताकद परत आली तर कारण दुखणं. दुखणं ओसरूनही हात उचलत नसेल, तर नस किंवा स्नायूच तपासायला हवा.

घरी एक चाचणी सहज होते. शर्ट काढून भिंतीकडे तोंड करा, तळवे खांद्याच्या उंचीवर टेकवा आणि भिंत हळू ढकला. मागून कुणाला तरी फोटो काढायला सांगा. फऱ्याची आतली कड पंखासारखी उचलली गेली, तर सेराटस किंवा त्याची लाँग थोरॅसिक नस याबद्दल शंका घ्यावी. पंख हात बाजूने वर नेताना जास्त दिसतो, खांदा खाली ओघळलेला आहे आणि त्या बाजूने खांदा उडवता येत नाही, तर ट्रॅपिझियसच्या नसेकडे पाहावं लागतं. ही नस मानेच्या बाजूला फार वरवर असते. तिथल्या गाठीची बायोप्सी झाली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मूळ मानेत असतं तेव्हाही दुखतं फऱ्याच्याच आतल्या कडेला. मानेतली सातवी नस दबली तर मधल्या बोटाला मुंग्या येतात आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना कोपर दगा देतं. सहावी असेल तर मुंग्या अंगठ्याकडे. तळहात डोक्यावर ठेवल्यावर आराम पडतो आणि दुखऱ्या बाजूला मान वळवून वर पाहिल्यावर कळ येते, ही मानेची खूण. मात्र एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी फुगलेली) दिसला म्हणजे कारण सापडलंच असं नाही. काहीही दुखत नसलेल्या माणसांतही तो सर्रास दिसतो. बोटं, ताकद आणि रिपोर्ट एकाच नसेकडे बोट दाखवत असतील तरच त्याला अर्थ.

आणखी एक प्रकार हमखास हुकतो. रात्री अचानक खांद्या-फऱ्यात असह्य कळा सुरू होतात, काही दिवस ते दोन-तीन आठवडे टिकतात, मग दुखणं उतरतं आणि हात लुळा वाटायला लागतो. खांद्याच्या नसांना सूज येण्याच्या या आजाराला पार्सोनेज-टर्नर म्हणतात. दुखणं गेलं म्हणून लोक तपासणी रद्द करतात, नेमकी तेव्हाच ती करायची असते. नसांची ईएमजी तपासणी पहिल्या तीन आठवड्यांत नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे घाईने केलेल्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढते, म्हणजे हिशेब महिन्यांचा. या काळात जड वजनं नकोत, पण हात झोळीत बांधूनही ठेवू नका, सांधा आखडतो.

दोन्ही फरे कमीजास्त उचललेले, शीळ घालता येत नाही, झोपेत डोळे अर्धवट उघडे, घरात आणखी कुणाला तसंच, हे जुळत असेल तर एफएसएचडी हा आनुवंशिक स्नायुविकार असू शकतो. तिथे ‘जिम लावा’ हा सल्ला चुकीचा, आधी न्यूरोलॉजिस्ट.

व्यायाम बरोबर, पद्धत चूक

नसेचा प्रश्न नसेल तर सुरुवात भिंतीवरच्या ‘पुश-अप प्लस’ने करा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, तळवे खांद्यांच्या उंचीवर, कोपरं सरळ. कोपरं न वाकवता छाती भिंतीकडे सोडा, फरे जवळ येतील. मग भिंत ढकलत पाठीचा वरचा भाग मागे न्या, फरे बाजूला सरकतील. तिथे ३ सेकंद थांबा. हालचाल दोन-तीन इंचांचीच असते. ती मोठी दिसतेय तर तुम्ही कोपरं वाकवताय. खांदे कानांकडे चढले तर मानेचे स्नायू पुन्हा घुसलेत : भिंतीच्या जवळ या, जोर कमी करा.

दुसरा व्यायाम पालथं झोपून : हात डोक्याच्या बाजूने इंग्रजी ‘वाय’सारखे तिरके, अंगठे छताकडे, जमिनीपासून जेमतेम उचलायचे. पहिले दोन आठवडे वजन शून्य. दोन्ही व्यायामांचे १०-१० चे २ सेट, एक दिवसाआड. जमेल तसं १५ चे ३ सेट. जाड रबर बँड लवकर घेतला की काम पुन्हा मानेकडेच जातं. फरक दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. व्यायामात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या सकाळीही वाढलेलंच असेल तर डोस जास्त झाला.

हे घरी तपासत बसू नका

मान, हात, पाठ हलवूनही दुखण्यात काहीच फरक पडत नाही, तेव्हा स्नायूचा विचार सोडा. छातीत दाब, घाम, धाप यांसह फऱ्यांमध्ये दुखणं किंवा पाठ फाटल्यासारखी अचानक कळ : थेट इमर्जन्सी. तेलकट खाल्ल्यावर उजव्या फऱ्याखाली दुखून मळमळणं : पित्ताशय. हाताची बारीक कामांची ताकद जाणं आणि त्याच बाजूची पापणी उतरून बाहुली बारीक होणं : फुप्फुसाच्या टोकाची तपासणी लगेच. बटणं लावता न येणं, चाल अडखळणं, लघवीवरचा ताबा जाणं यांत मानेतला मज्जारज्जू दबत असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तोवर मानेला मालिश करून घेऊ नका.