आयडेंटिटी मॅनेजमेंटमध्ये नवे आहात? ॲट्रिब्यूट बनवण्याआधी त्याचा मालक शोधा

आयडेंटिटी मॅनेजमेंट म्हणजे कंपनीच्या सिस्टिममध्ये कोणाचं अकाउंट आहे आणि कोणाला काय अधिकार आहेत, हे सांभाळणं. या क्षेत्रात आलेल्या नवख्याला पहिलं तिकीट, म्हणजे कामाची मागणी, बहुधा अशीच मिळते: 'युजर ऑब्जेक्टला एक नवीन ॲट्रिब्यूट जोडा.' ऑब्जेक्ट म्हणजे सिस्टिममधली एक नोंद, ॲट्रिब्यूट म्हणजे त्या नोंदीतला एक रकाना. स्क्रीनवर काम किरकोळ दिसतं. नाव टाकायचं, टाइप निवडायचा, सेव्ह करायचं. पण त्या ॲट्रिब्यूटमध्ये व्हॅल्यू कोण लिहिणार, ती बदलली तर कुठेकुठे पोचणार आणि माणूस नोकरी सोडून गेल्यावर तिचं काय होणार, हे तिकिटात कधीच लिहिलेलं नसतं. खरं काम तेच आहे, आणि ते टूलमध्ये होत नाही. लोकांना प्रश्न विचारून होतं.

आधी ऑब्जेक्ट टाइपबद्दल. नव्या माणसाचा हात इथे फार सैल असतो. कर्मचारी एक टाइप, कंत्राटी दुसरा, इंटर्न तिसरा, व्हेंडरचा माणूस चौथा. कागदावर छान दिसतं. मग कंत्राटी माणूस कायम होतो, आणि जुना ऑब्जेक्ट मिटवून नवा बनवायची वेळ येते. त्याचा ॲक्सेसचा इतिहास तिथेच तुटतो. एलडॅप या डिरेक्टरीच्या प्रोटोकॉलमध्ये तर नियमच आहे की एंट्री एकदा तयार झाली की तिचा स्ट्रक्चरल ऑब्जेक्ट क्लास, म्हणजे मूळ प्रकार, बदलता येत नाही; ऑक्झिलरी, म्हणजे पूरक, क्लास मात्र नंतरही जोडता-काढता येतात. सिस्टिममध्ये युजरची माहिती पाठवण्याच्या स्किम २.० या मानकात अशा फरकासाठी 'युजरटाइप' नावाचं साधं ॲट्रिब्यूट आहे, मिडपॉइंट या आयडेंटिटी मॅनेजमेंटच्या टूलमध्ये आर्किटाइप आहेत. माझी कसोटी सोपी आहे: एकाच माणसाचं आज हे आणि उद्या ते होऊ शकत असेल, तर वेगळा टाइप नको. सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने वापरायचं अकाउंट, या कसोटीत बसत नाही. त्याची एचआरमध्ये नोंद नसते, ते राजीनामा देत नाही आणि त्याच्यासाठी जबाबदार असा एक माणूस नोंदवावाच लागतो. त्याला वेगळा टाइप हवाच.

त्यानंतर ओळखीची किल्ली. दोन सिस्टिममधला एकच माणूस कशावरून जुळवायचा? ईमेलवरून जुळवणी सगळ्यांना सुचते आणि चाचणीत ती चालतेही. पुढे कुणाचं आडनाव बदलतं, ईमेल बदलतो. सिस्टिमला वाटतं नवा माणूस आला, आणि जुनं अकाउंट सगळ्या अधिकारांसह बेवारस पडून राहतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीत डीएन, म्हणजे ऑब्जेक्टचा पूर्ण पत्ता, हाही भरवशाचा नाही, कारण ऑब्जेक्ट एका ओयूमधून, म्हणजे फोल्डरसारख्या गटातून, दुसऱ्यात हलवला की तो बदलतो. ऑब्जेक्ट-जीयूआयडी हा सिस्टिमने दिलेला क्रमांक मात्र हलवलं काय, नाव बदललं काय, तोच राहतो. स्किममध्ये 'आयडी' सर्व्हर देतो आणि तो बदलत नाही. 'एक्स्टर्नल आयडी' पाठवणाऱ्या बाजूचा असतो. एम्प्लॉयी नंबर चांगला, पण एचआरला एक प्रश्न आधी विचारा: सोडून गेलेला माणूस परत आला तर जुना नंबर मिळतो की नवा? उत्तर देताना समोरचा थबकला, तर तिथे अजून थोडं खोदा.

सक्तीच्या ॲट्रिब्यूटकडे जरा संशयानेच बघावं. एलडॅपच्या 'पर्सन' क्लासमध्ये आडनाव आणि कॉमन नेम ही दोन्ही अनिवार्य आहेत. ज्यांना एकच नाव आहे अशा माणसांचं काय? डेटा भरणारा मग आडनावात टिंब ठोकतो, आणि ते टिंब ईमेलच्या डिस्प्ले नेमपर्यंत जातं. अशा वेळी मी दोन्हीकडे तेच नाव भरतो आणि दाखवण्यासाठी डिस्प्ले नेम वेगळं ठेवतो. आपल्या स्वतःच्या स्कीमात, म्हणजे कुठल्या नोंदीत काय असावं याच्या आराखड्यात, एखादं ॲट्रिब्यूट सक्तीचं करण्याआधी ते पहिल्या दिवशी खरोखर हातात असतं का, एवढं विचारावं.

डेटा टाइपचा विषय एरवी कंटाळवाणा, पण ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली दोन उदाहरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. अकाउंट बंद-चालू करण्याचं काम 'युजर अकाउंट कंट्रोल' या एका आकड्यात दडलेलं असतं. साधं चालू अकाउंट ५१२, बंद केलं की ५१४, म्हणून नवखे लोक मॅपिंगमध्ये, म्हणजे कुठली व्हॅल्यू कुठे लिहायची याच्या नियमात, सरळ ५१४ लिहून टाकतात. पण 'पासवर्ड कधीच एक्स्पायर होत नाही' ही खूण असेल, तर चालू अकाउंटचा आकडा ६६०४८ असतो आणि बंद केल्यावर तो ६६०५० व्हायला हवा. ५१४ लिहिलं की अकाउंट बंद होतं खरं, पण ती दुसरी खूणही पुसली जाते. हा आकडा अशा खुणांच्या बेरजेने बनतो, म्हणून फक्त 'बंद'चा म्हणजे २ चा बिट बदलायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. दुसरं उदाहरण अकाउंट संपण्याच्या तारखेचं. ती १ जानेवारी १६०१ पासूनच्या १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांत मोजलेली असते, आणि शून्याचा अर्थ 'कधीच संपत नाही'. सरळ तारखेत रूपांतर केलंत तर कायमची अकाउंटं १६०१ मध्येच संपलेली दिसतील. रिपोर्ट बघणारा मॅनेजर त्यावर काय बोलतो ते सांगत नाही.

'मॅनेजर' हे ॲट्रिब्यूटही फसवं आहे. तिथे नाव नसतं, दुसऱ्या ऑब्जेक्टचा संदर्भ असतो. म्हणजे साहेबांचा ऑब्जेक्ट आधी तयार हवा. पहिल्या लोडमध्ये आधी सगळी माणसं आणायची आणि मॅनेजर दुसऱ्या फेरीत जोडायचे.

आता मालकीचं. फोन नंबर एचआरकडून येतो की माणूस स्वतः पोर्टलवर बदलतो? दोघांनाही लिहू दिलंत तर रात्रीच्या सिंकनंतर, म्हणजे सिस्टिमचा डेटा जुळवल्यानंतर, सकाळी जुना नंबर परत हजर, आणि हेल्पडेस्कवर तीच तक्रार रोज. मिडपॉइंटमध्ये यासाठी मॅपिंगची ताकद ठरवता येते: वीक मॅपिंग रिकामी जागा असेल तरच भरतं, स्ट्राँग मॅपिंग आपलीच व्हॅल्यू लादतं. कुठलंही टूल असो, एका ॲट्रिब्यूटला एकच अधिकृत स्रोत, यावर मी अडून बसतो.

रिकाम्या व्हॅल्यूचा अर्थही लिहून घ्या. 'डिपार्टमेंट' रिकामं आलं म्हणजे विभाग काढला, की माहितीच आली नाही? विभागावरून रोल, म्हणजे अधिकारांचे गठ्ठे, मिळत असतील आणि एखाद्या रात्री एचआरच्या फाइलमधला तो कॉलम गळाला, तर सकाळी अख्ख्या ऑफिसचे अधिकार गेलेले असतात. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बदल एकदम आले तर सिंक थांबलंच पाहिजे. ही सेटिंग पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा स्कीमा वाढवायचा विचार असेल तर सावकाश. तिथे जोडलेलं ॲट्रिब्यूट निष्क्रिय करता येतं, कायमचं काढता येत नाही. एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल सर्व्हरसोबत येणारी १५ एक्स्टेन्शन ॲट्रिब्यूट्स पुष्कळदा पुरतात. फक्त त्यातलं कुठलं कोणी आधीच बळकावलंय हे तपासा, कारण त्याची नोंद क्वचितच सापडते.

सरावासाठी आरएफसी ७६४३, म्हणजे स्किमचा स्कीमा सांगणारा मानक दस्तऐवज, वाचा. २०१५ चा दस्तऐवज आहे, भाषा रुक्ष, पण प्रत्येक ॲट्रिब्यूट कोणाला बदलता येतं, उत्तरात परत येतं का, युनिक हवं का, हे किती काटेकोरपणे लिहायचं असतं ते तिथे समजतं. मग स्वतःच्या मशीनवर ओपनएलडॅप (एलडॅप सर्व्हर) आणि मिडपॉइंट टाका. दोन्ही ओपन सोर्स आहेत. स्रोत म्हणून एक सीएसव्ही फाइल पुरते. तिच्यात मुद्दाम घाण डेटा भरा: एकाच नावाची दोन माणसं, नावामागे स्पेस, नसलेला मॅनेजर, ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या लॉगिन नेमच्या २० अक्षरांच्या मर्यादेत न मावणारं नाव. सिंक चालवा, काय तुटतं ते बघा, आणि प्रत्येक ॲट्रिब्यूटपुढे स्रोत, मालक, बदलण्याचा अधिकार आणि रिकामं आल्यास काय करायचं, असे कॉलम असलेली शीट बनवा. मुलाखतीला जाताना ती सोबत न्या.