पीएचडी झाली, आता नोकरी: गावाकडून अर्ज करताना या चुका टाळा

व्हायवा म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटले, की मग जाहिराती शोधायला सुरुवात होते. आपल्याकडे बहुतेकांचं इथेच चुकतं. अर्जाची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि लागणारे कागद तेवढ्यात हाती येत नाहीत.

माझंच सांगते. पीएचडी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमावलीप्रमाणे झाल्याचा दाखला विद्यापीठाकडून वेगळा घ्यावा लागतो, हे मला जाहिरात वाचताना कळलं. सोयाबीनची सवंगणी सुरू होती. वावरातलं काम टाकून पहाटेची एसटी धरली. खिडकीवर सांगितलं, नोंदणीपत्राची आणि कोर्सवर्कच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडा. दोन्ही कागद घरी पेटीत. दुसऱ्या फेरीत अर्ज घेतला, तर सही करणारे साहेब रजेवर. दाखला मिळाला तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. म्हणून पीएचडीची अधिसूचना निघाली की त्याच आठवड्यात हा दाखला मागा. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. कोणत्या वर्षीच्या, ते आजच बघून ठेवा. जात पडताळणी तर त्याहून आधी.

याहून मोठी चूक म्हणजे 'जागा निघाली की तुझाच विचार करू' या भरवशावर तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर वर्षं काढणं. माझ्या जवळच्या कितीतरी जणांची उमेदीची वर्षं यात गेली, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीतलं छाननीचं कोष्टक बघा. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडीला 25 गुण, अनुभवाला वर्षाला 2, तेही जास्तीत जास्त 10. पाच पूर्ण वर्षं भरली की सहावं, आठवं, दहावं वर्ष त्यात काहीच भर घालत नाही. शोधनिबंधांना प्रत्येकी 2, कमाल 6. म्हणजे तीन चांगले निबंध पुरतात. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य शोधपत्रिकांची यादी, 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे निबंध खरंच तज्ज्ञांकडून तपासला जातो का, हे आता आपणच पाहायचं.

तासिकांचं नेमणूकपत्र आणि विद्यापीठाची मान्यता त्या त्या वर्षीच घ्या. प्राचार्य बदलले की जुना अनुभव दाखला मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

पीएचडी आहे म्हणून सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा सोडू नका. 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक. ती सक्तीची आहे सहयोगी प्राध्यापकाला, सोबत 8 वर्षांचा अनुभव आणि 7 शोधनिबंध.

विज्ञान आणि कृषी शाखेच्या मुलामुलींनी फक्त कॉलेजच्या जाहिराती बघत बसू नये. नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकीवर संशोधन करणारी नीरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी प्रकल्पांवर रिसर्च असोसिएटची पदं निघतात, जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते आणि बरेचदा थेट मुलाखत असते. केंद्राच्या 2023 च्या दरांनुसार मानधन महिना 58,000 रुपयांपासून, वर घरभाडं. पद तात्पुरतं असतं, पण वर सांगितलेल्या कोष्टकात पीएचडीनंतरच्या संशोधनाचा अनुभव शिकवण्याच्या बरोबरीने धरला आहे.

थेट मुलाखतीची नोंदणी सकाळीच असते. सिरोंचा, धारणीकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचावं. मूळ कागद एका फाइलीत, झेरॉक्सचे दोन संच दुसरीत, आणि दोन्ही फाइली प्लास्टिकच्या पिशवीत.