उन्हाळी पिकांचं पाणी: आधी वाफ रोखा

ऊन तापलं की पिकाची तहान वाढते आणि नेमकी तेव्हाच विहिरी-तलावांची पातळी उतरू लागते. जगभरात नद्या, तलाव आणि भूगर्भातून जेवढं गोडं पाणी उपसलं जातं, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला लागतं. त्यामुळे उपसा कमी करायचा तर सुरुवात शेतातूनच व्हायला हवी.

मुळांच्या खाली झिरपलेलं पाणी बऱ्याचदा भूजलाला मिळतं आणि पुन्हा उपसता येतं. अर्थात ते खतंही वाहून नेतं, तेवढं नुकसान होतंच. पण उघड्या मातीवरून वाफ होऊन गेलेलं पाणी ना पिकाला मिळतं, ना विहिरीला. म्हणून या हंगामात पहिलं काम आच्छादनाचं. पाचट, पेंढा, बी न धरलेलं वाळकं तण, जे हाताशी असेल ते ओळींमध्ये पसरा. फक्त खोडाला चिकटू देऊ नका. एक मिलिमीटर ओल वाचली, तरी हेक्टरी १० हजार लिटर पाणी वाचतं! आच्छादनाला काही नसेल तिथे हलकी कोळपणी करून, म्हणजे मातीचा वरचा थर भुसभुशीत करून, भेगा बुजवा. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे जुन्या जाणत्यांचं म्हणणं आजही खरं आहे.

पाळीचे दिवस मोजून पाणी देऊ नका. मुळं असतात त्या खोलीवरची माती मुठीत दाबून पाहा. वाफसा, म्हणजे चिखल नाही पण पुरेशी ओल, असेल तर थांबा. फुलोऱ्यात आणि दाणे भरताना मात्र ताण पडू देऊ नका, तिथली काटकसर महागात पडते. सरीने पाणी देत असाल तर एकाआड एक सरी भिजवा आणि पुढच्या पाळीला उरलेल्या सऱ्या घ्या. तुषार संच वारा पडलेला असताना, पहाटे किंवा रात्री चालवा.

ठिबक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लॅटरलच्या, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या नळीच्या, सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली (थेंब सोडणाऱ्या तोटीखाली) भांडी ठेवा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून १५ मिनिटांत एक लिटर पाणी यायला हवं. शेवटी कमी पडत असेल तर फिल्टर धुवा आणि लॅटरलची टोकं उघडून गाळ वाहू द्या.

आणि एक कळकळीची विनंती. वाचलेल्या पाण्यावर लगेच नवं क्षेत्र ओलिताखाली आणलं, तर उपसा होता तेवढाच राहतो. आजपासून पंप किती तास चालला ते वहीत लिहा. ते तास खरंच घटलेले दिसेपर्यंत क्षेत्र वाढवू नका.