जुना बेस घ्यायला निघालात? आधी रॉड फिरवून बघा

ही यादी मी आधी स्वतःसाठीच लिहिली होती, एक बेस, म्हणजे बेस गिटार, चुकीचा घेतल्यानंतर. आता आमच्या परभणीतली दोन-तीन पोरं जुना बेस शोधायलीत, रोज फोन करून विचारतात, म्हणून सगळं एकदाच मांडतो.

माझं काय झालं ते आधी सांगतो, कारण बाकीची यादी त्यातूनच आली आहे. मार्चच्या शेवटी जालन्याकडच्या एका गावात जपानी बेस मिळाला, सत्तरच्या दशकातला. एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा. गडद तपकिरी रंग, पाठीवर बकलचे ओरखडे, पिकअप (तारांचा आवाज पकडणारी कॉइल) दणदणीत. मी रंग पाहिला, लाकूड पाहिलं, ॲम्पला लावून खालच्या दोन तारा वाजवल्या. मालकाचा मुलगा म्हणाला, "चांगला वाजायलाय की, दादा." खरंच वाजत होता. पण तारा ढिल्या होत्या आणि वरची एक नव्हतीच. डोळा लावून पाहिलं तर नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ. १८ हजार मोजले, घरी आणला, नव्या तारा चढवल्या, सुरात लावल्या. तिसऱ्या दिवशी बाराव्या पडद्यावर (पडदा म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) तार इतकी वर आली की दाबताना बोटं भरून यायची. एलन की (षटकोनी चावी) घालून नेकमधला ट्रस रॉड आवळायला गेलो, तर नट आधीच शेवटापर्यंत आवळलेला. पुढे एक सूतही जागा नाही. १४ एप्रिल तोंडावर, जयंतीचे चार कार्यक्रम घेतलेले, आणि चारही ठिकाणी कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं बेसची बाजू सांभाळली. मी बाजूला उभा राहून कोरस दिला. ते अजून लागतं.

म्हणून सगळ्यात आधी हे. पैसे देण्याआधी, इसार देण्याआधी, "घेतो" म्हणण्याआधी, ट्रस रॉड फिरवून बघा.

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या पोटातून जाणारी लोखंडी सळई. बेसच्या चार तारा सुरात असल्या की मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ओढ लावतात. ती ओढ नेकला पुढे वाकवते आणि रॉड तिला मागे धरून ठेवतो. नट आवळला की नेक मागे येते, सैल केला की पुढे जाते. चाळीस-पन्नास वर्षांत नेक थोडी थोडी पुढे येत राहते आणि दर वेळी कुणीतरी नट अजून थोडा आवळतो. एक दिवस आटे संपतात. त्यानंतर तो बेस दिसायला कितीही देखणा असो, वाजवायला कामाचा नाही. तारा ढिल्या असल्या तर हे दिसतच नाही, कारण ओढच नसते. मी नेमका इथंच फसलो.

निघताना पिशवीत तारांचा नवा सेट हवाच. ४५-१०५ जाडीचा, लांब स्केलचा, म्हणजे लांब मापाच्या बेसचा. तो न्यायचा कारण विकणाऱ्याकडे बहुतेक वेळा चारही तारा धड नसतात, आणि ओढ आल्याशिवाय नेक खरं बोलत नाही. सौदा नाही झाला तर तारा काढून परत आणा, लाजू नका. क्लिप ट्यूनर घ्या. मोबाइलच्या ट्यूनरला खालची ई तार, म्हणजे ४१ हर्ट्झ, गोंगाटात धड ऐकू येत नाही. क्लिपलाही ती सापडेना तर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) वाजवून लावा. टॉर्च, टेप, मल्टिमीटर, पक्कड. आणि स्क्रू ड्रायव्हर: एक प्लस, एक चपटा रुंद.

आता एलन की. मिलिमीटरचा सेट वेगळा आणि इंचाचा वेगळा, दोन्ही न्या. जपानी बेसला बहुधा मिलिमीटरची लागते, काहींना तर एलन नाही, बाहेरून बसणारा बॉक्स पाना लागतो. अमेरिकन बेसला इंचाची. ३/१६ इंचाची की ५ मिलिमीटरच्या नटात आरामात जाते, बसली असं वाटतं, पण पाव मिलिमीटरची फट राहते. जोर लावला की आतले कोपरे गोल होतात आणि मग कुठलीच की धरत नाही. विकणाऱ्याच्या घरात त्याच्या बेसचा नट खराब केला तर तो बेस तुमचाच झाला समजा. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही सेट मिळतात. चांगल्या पोलादाचे घ्या, मऊ लोखंडाचे नकोत.

फिलर गेजही न्या, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा. मोटारसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तेच. मी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडून एका दिवसासाठी मागून नेतो.

बेस कुठं मिळेल? आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात गावोगावी ऑर्केस्ट्रा होते, जलसे होते, कव्वालीच्या पार्ट्या होत्या. कीबोर्ड स्वस्त झाला तसा बेसवाला घरी बसला आणि बेस माळ्यावर गेला. नांदेड, लातूर, संभाजीनगर, सगळीकडे जुन्या वादकांना विचारत फिरा. दुकानात विचारून उपयोग नाही. मुंबई किंवा हैदराबादला जावं लागलं तरी देवगिरी एक्सप्रेस दोन्हीकडे जाते. पण फोटो बघून पैसे पाठवू नका. फोटोत रॉड फिरत नाही.

समोर बसल्यावर क्रम मोडू नका. आधी टेप लावा: डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत १७ इंच भरलं तर स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंचांचं, नेहमीचं. १५ भरलं तर शॉर्ट स्केल. त्याच्या तारा आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. मग नव्या तारा चढवा, ई-ए-डी-जी पूर्ण सुरात लावा आणि अर्धा तास तसाच ठेवा. चहा येईल तो घ्या, त्यांच्या जुन्या कार्यक्रमांच्या गोष्टी ऐका. त्या ऐकण्यासारख्या असतात आणि तेवढ्या वेळात नेकही ओढीखाली बसते. पुन्हा सूर लावा.

मग ब्रिजकडून, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात त्या टोकाकडून, नेकवर नजर टाका. पिळ दिसला, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली, तर उठा. पिळाला रॉड काही करू शकत नाही. पिळ नसेल तर ई तार पहिल्या पडद्यावर एका हातानं आणि शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हातानं दाबा, आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार व पडद्यातली फट कुणाला तरी फिलर गेजनं मोजायला सांगा. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर असेल तर उत्तम. जास्त असेल तर रॉडमध्ये जागा किती उरली आहे, हाच प्रश्न.

आणि फट उत्तम असली तरी रॉड फिरवा. हे परत सांगतो, कारण मी दुसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हाही फट बरोबर आली म्हणून उठायला निघालो होतो, सोबतच्या मित्रानं खाली बसवलं. आजची फट बरोबर असेल, पण ती राखायला नट शेवटच्या आट्यावर असेल तर वैशाखात काय करणार? मालकाची परवानगी घ्या. तारा थोड्या सैल करा. आधी नट उलटा, सैल करायच्या दिशेनं, वर्तुळाच्या आठव्या भागाइतका फिरवा. मोकळा झाला, म्हणजे गंजून बसलेला नाही. मग जिथं होता तिथं आणा आणि तिथून आवळायच्या दिशेनं पाव फेरा. हळूहळू घट्ट होत गेला तर जागा आहे. एकदम दगडासारखा थांबला तर आटे संपले. नुसताच गोल फिरत राहिला, कशालाच धरत नाही, तर आटे गेलेत किंवा रॉड आत तुटलाय. जोर लावून खात्री करायला जाऊ नका, हाताला कळतं.

मालक "कशाला खोलता, चांगलाय" म्हणून अडवू लागला तर समजावून सांगा. तरीही नाहीच म्हणाला तर चहाचे आभार माना आणि निघा. मी अडवणारा मालक पाहिला नाही, माझी अडचण वेगळी होती: मला विचारायचंच सुचलं नाही.

जुन्या फेंडर (अमेरिकन कंपनी) धाटणीच्या बऱ्याच बेसमध्ये नट नेकच्या टाचेला असतो, बॉडीच्या आत. तारा सोडून, मागचे चार स्क्रू काढून नेक उचलावी लागते. वेळखाऊ आहे, संकोच वाटतो, तरी करा. त्या नटाला एलन नसते, अधिकच्या चिन्हासारखी खाच असते, तिथं तो रुंद चपटा स्क्रू ड्रायव्हर लागतो. नेक निघालीच आहे तर टाचेवर तारखेचा शिक्का आहे का बघून घ्या. ही फेरी संपल्यावर नेक बसवून तारा पुन्हा सुरात, पुन्हा फट. कंटाळा करू नका.

नट शेवटाला आहे पण आटे शाबूत आहेत, असं असेल तर एक उपाय असतो: नट काढून मागे वॉशर घालायचा, म्हणजे आवळायला थोडी जागा मिळते. माझ्या बेसला शेवटी तेच केलं, एका टर्नर मित्रानं लेथवर पातळ वॉशर काढून दिला. पण उपाय आहे म्हणून असा बेस पूर्ण भावात घेऊ नका. किंमत त्या हिशोबानं पाडा.

पडदे: पहिल्या पाचांवर तारेखाली खोल खाचा असतील तर पडदे बदलायचा खर्च धरा. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा. जी तारेवर पाचव्या-सातव्या पडद्यांच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो, ते चांगल्या बेसमध्येही असतं, त्यावरून सौदा मोडू नका.

पिकअप. लाइट नसली तरी अडत नाही. जॅकला वायर लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, वायरच्या दुसऱ्या टोकाला पिनचं टोक आणि बाही (पिनचा खालचा धातूचा भाग) यांच्यात मल्टिमीटर धरा. एका पिकअपला साधारण ७ ते ११ किलो-ओहम दिसलं की कॉइल जिवंत. काहीच दिसलं नाही तर कॉइल किंवा वायर तुटलेली. दोन व्हॉल्यूम असतील तर एकेक उघडून बघा. बॅटरीवर चालणारा बेस असेल तर ही युक्ती चालत नाही, वाजवूनच बघावं लागतं. पॉट (व्हॉल्यूम-टोनचं फिरवायचं बटण) फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरनं बहुतेक जाते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ठीक, वाढली तर आतल्या ग्राउंडच्या वायरिंगमध्ये बहुधा गडबड आहे. छोटं सोल्डर.

साल ओळखण्याबद्दल जास्त सांगत नाही, कारण पोरं त्यातच अडकतात. फेंडरचं प्रिसिजन मॉडेल १९५१ चं, जॅझ मॉडेल १९६० चं, आणि डोक्यावरचा नावाचा स्टिकर बाजारात विकत मिळतो. पॉटच्या पाठीवर आकडे असतील तर वाचा: १३७७६३३ मध्ये १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ७६ म्हणजे १९७६, ३३ म्हणजे तेहतिसावा आठवडा. बेस त्याच्या आधीचा असू शकत नाही, पॉट बदललेला नसेल तर. बस. साल जुनं म्हणून रॉड चांगला होत नाही.

आणताना तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण सोडू नका. रेल्वेत वरच्या बर्थवर स्वतःजवळ ठेवा. उन्हात बंद गाडीत ठेवू नका. घरी पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नाही. आपल्याकडे ४२-४३ अंश होतात, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि तारा सुरात असताना ती उष्णता नेकला पुढे ओढते.

घरी सेटअपचा क्रम: तारा, सूर, रॉड, मग तारेची उंची, मग इंटोनेशन (वरच्या पडद्यांवरही सूर बरोबर येणं), शेवटी पिकअप. उलटं केलं तर सगळं परत करावं लागतं. रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, फिरवला की सूर लावून रात्रभर ठेवा. सतराव्या पडद्यावर ई तार अडीच मिलिमीटर, जी दोन. इंटोनेशन: बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा आला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरता आला तर पुढे. पिकअप तारेच्या फार जवळ नको. काढलेला प्रत्येक जुना स्क्रू आणि पॉट पिशवीत जपून ठेवा.

ॲम्प सोबत मिळत असेल तर मागची पाटी वाचा. जपानी १०० व्होल्टचा असतो, अमेरिकन १२० चा. आपल्या २३० ला सरळ लावला की जळतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि मंडपात अर्थिंग तपासल्याशिवाय माइकला ओठ लावू नका. बोर्डात बसावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडलेली असते, हात तारांवर आणि तोंड माइकवर असताना बसलेला झटका जीव घेऊ शकतो. आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून तारा आणि माइकची जाळी यांच्यात व्होल्ट बघा. काही दिसलं तर मंडपवाल्याला अर्थिंग करायला लावा, तोवर वाजवू नका.

पावसाळा लागला की एकदा आणि उन्हाळा लागला की एकदा फट मोजा. एलन की केसच्या खिशातच राहू द्या.